कपाटातली दुर्बीण

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका शाळेला कुणा देणगीदाराने छोटी दुर्बीण भेट दिली. मी तिथे उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञानाशी माझा संबंध वर्तमानपत्रापुरता. पण विज्ञानाचे सर रजेवर होते आणि मुलांना धीर नव्हता. म्हणून दुर्बीण मीच मैदानात काढली. अर्ध्या तासाच्या आत सहावीतल्या एका मुलीच्या हातून आयपीस निसटला आणि फरशीवर टणकन् आपटला.

सगळा वर्ग हसला. मी मात्र ओरडलो, "अगं, किती महागाची वस्तू आहे ती!" खरं तर किंमत मलाही माहीत नव्हती. आयपीसच्या कडेला जरासा पोचा आला होता, काच शाबूत होती. मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, "सर, बाहेर काढलीच कशाला?" त्याच संध्याकाळी दुर्बीण कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली कार्यालयात जमा झाली. कुंडल म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं केंद्र. ज्या मातीने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून स्वतःचं सरकार चालवलं, तिथे एका कपाटाची किल्ली मागायला आम्हा मास्तर लोकांना तीन वर्षं लागली.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं होतं, "सर, माझ्यापेक्षा महाग दुर्बीण कुणी पाडलीय का?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो आणि लक्षात आलं की या बाबतीत आमची पोरगी अगदीच किरकोळ गुन्हेगार आहे.

सुरुवात शब्दापासून करतो, मास्तरकीची सवय. 'दुर्बीण' हा शब्द फारसीतून आलेला आहे. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. वेधशाळेला उर्दूत 'रसदगाह' म्हणतात. या रसदगाहांमधल्या माणसांना उपकरणांच्या नाजूकपणाचा त्रास दुर्बीण येण्याच्या आधीपासून आहे. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाने बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने 'झीज-ए-मुहम्मदशाही' हा ग्रह-ताऱ्यांच्या कोष्टकांचा फारसी ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांविषयी तक्रार आहे. ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात, हलतात, वर्तुळाचा मध्य सरकतो आणि मग वेध चुकतो. त्यावर जयसिंगाने काढलेला उपाय मोठा नामी होता. त्याने यंत्रंच दगड-चुन्याची बांधली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, बनारस या ठिकाणी. हातातून निसटून पडण्याची भीती नाही, उलट आपणच त्यांच्यावरून पडायचो.

त्याच्याही तीनशे वर्षं आधी समरकंदच्या उलुग बेगने आपल्या प्रचंड यंत्राचा खालचा भाग जमिनीत खोदलेल्या चरात बसवला होता. वरची इमारत काळाच्या ओघात नाहीशी झाली, पण तो जमिनीतला भाग टिकला आणि १९०८ मध्ये उत्खननात सापडला.

पण दुर्बिणीची काच दगडाची करता येत नाही. आणि ती अवकाशात पाठवायची म्हटलं तर मामला आणखी नाजूक होतो.

२४ एप्रिल १९९० रोजी अमेरिकेने हबल दुर्बीण अवकाशात सोडली. खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर, आरसा २.४ मीटर व्यासाचा. जून महिन्यात कळलं की चित्रं अंधूक येत आहेत. आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे २ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी, जास्त सपाट घासली गेली होती. अमेरिकेत विनोदांना ऊत आला. १९९१ मध्ये आलेल्या एका विनोदी सिनेमात तर दारूच्या गुत्त्याच्या भिंतीवर टायटॅनिक जहाजाच्या रांगेत हबलचं चित्र लावलं होतं.

चूक झाली कशी, याची हकीकत मात्र विनोदाहून रंजक आहे. आरशाचा आकार तपासायला एक खास उपकरण केलं होतं. त्यातल्या एका भिंगाचं अंतर एका दांडीने मोजायचं होतं. दांडीच्या टोकावर टोपी होती, टोपीला बारीक छिद्र होतं. छिद्रातून लेसरचा किरण दांडीच्या टोकावर पडून परत यायचा, असा बेत होता. टोपीवर प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून काळा रंग दिलेला होता. तो रंग एका ठिकाणी टवका उडून निघाला होता. किरण नेमका त्या टवक्यावरून परतला आणि माप १.३ मिलिमीटरने चुकलं. या चुकीच्या मापाला भिंग जुळेना, तेव्हा तंत्रज्ञांनी काय करावं? खाली वॉशर घातले आणि भिंग 'बरोबर' बसवलं.

कुंडलच्या शेजारीच किर्लोस्करवाडी आहे. आमच्या कित्येक मुलांचे वडील, आजोबा कारखान्यात काम केलेले. हा प्रसंग सांगितला तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, माझे आजोबापण बसत नसलं की वॉशर घालतात." वर्ग पुन्हा हसला. यावेळी मीही हसलो.

पुढे तो आरसा जगातल्या सर्वांत काटेकोर आरशांपैकी एक म्हणून घासला गेला, फक्त चुकीच्या मापाने. गजच खोटा असेल तर शिंपी कितीही कुशल असो, सदरा आखूडच होणार. दुसऱ्या दोन चाचण्यांत दोष दिसलाही होता. पण ती उपकरणं कमी अचूक, म्हणून त्यांचंच चुकलं असं ठरवण्यात आलं.

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चौकशी समिती नेमली गेली तेव्हा ते तपासणीचं उपकरण कारखान्यात जसंच्या तसं होतं. कुणी ते मोडीत काढलं नव्हतं की गुपचूप दुरुस्त केलं नव्हतं. त्यामुळे चूक किती आणि कोणत्या दिशेने झाली, हे अचूक मोजता आलं. समितीचा अहवाल नोव्हेंबर १९९० मध्ये आला. 'त्या अमक्या तंत्रज्ञाने वॉशर घातला' इथे तो थांबला नाही. घाई, पैशांची ओढाताण, वरिष्ठांचं दुर्लक्ष, शंका बोलून न दाखवण्याची सवय, सगळं त्यात आलं. चुकीचं माप हाती आल्यामुळे तिच्यावर उताराही त्याच मापाचा काढता आला. डिसेंबर १९९३ मध्ये सात अंतराळवीर वर गेले आणि पाच वेळा यानाबाहेर पडून त्यांनी हबलला एका अर्थी चष्मा लावला. दुरुस्तीचे छोटे आरसे योग्य जागी कसे पोचवायचे, हे एका अभियंत्याला जर्मनीतल्या हॉटेलात अंघोळ करताना, दांडीवर वर-खाली सरकणारा शॉवर पाहून सुचलं होतं.

ती चष्मेवाली दुर्बीण त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ काम करत आली आहे. आणि गंमत पुढेच आहे. हबलसाठी कोडॅक कंपनीनेही एक राखीव आरसा बनवला होता. त्याच्या तपासणीत ते बिघडलेलं उपकरण वापरलेलं नव्हतं. तो कधीच आकाशात गेला नाही. आज तो वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, अगदी सुरक्षित.

हबलनंतरची जेम्स वेब दुर्बीणही वॉशरच्या तावडीतून सुटली नाही. २०१८ मध्ये मोठ्या आवाजाची चाचणी झाली आणि तिच्या सूर्यढालीच्या आवरणाचे स्क्रू, वॉशर गळून पडले. त्याआधी इंधनाच्या व्हॉल्व्हना चुकीच्या द्रावणाने धुतलं गेलं होतं. एका जोडणीत तारा चुकल्या आणि जादा वीजदाब गेला होता. अशा मानवी चुकांची किंमत चौकशी मंडळाने काढली ती सुमारे ६० कोटी डॉलर आणि दीड वर्षाचा उशीर. हे सगळं अहवालात छापलं, जगाने वाचलं, हसलं. २५ डिसेंबर २०२१ ला दुर्बीण गेली. मे २०२२ मध्ये एक सूक्ष्म उल्का येऊन तिच्या आरशाच्या एका तुकड्यावर आदळली, खूण उमटली. काम चालू आहे.

वाचक म्हणतील, या सगळ्या अमेरिकेच्या गोष्टी. आपल्याकडे तशी संधी कुणाला? तर आहे, आणि ती थेट शेतकऱ्याला आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून मोठमोठे फुगे सोडते. तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर, जिथे हवा जवळजवळ संपते, तिथे हे फुगे उपकरणं घेऊन जातात. त्यात संस्थेची एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीणही गेलेली आहे. काम झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात. कुठे? वाऱ्याच्या मनात असेल तिथे. हैदराबादपासून सोलापूरच्या दिशेपर्यंत कुणाच्याही ज्वारीत, कुणाच्याही तुरीत. म्हणून संस्था जाहीर सूचना काढते. त्यातला आशय असा की पेटी सापडली तर उघडू नका, ओढू नका, आत जादा दाबाची वीज असू शकते. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवा, योग्य बक्षीस मिळेल.

मला ही सूचना फार आवडते. करोडोंचं काम आभाळातून अनोळखी माणसाच्या बांधावर उतरवायचं आणि त्याच्यावर विश्वास टाकायचा. पडणार हे गृहीत धरलेलं आहे. पडल्यावर काय करायचं, हेही आधीच सांगून ठेवलेलं आहे.

आता पुण्याची एक गोष्ट. हिच्यात काहीच पडलं नाही, काहीच फुटलं नाही. कावसजी दादाभाई नेगमवाला हे पारशी प्राध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहांच्या देणगीतून आणि सरकारी मदतीतून त्यांनी १८८८ च्या सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, वेधशाळा उभारली. तिचं नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथे २० इंची आरशाची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नेगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. प्लेगचे दिवस होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच तळ ठोकून होते. नाजूक यंत्रं माळरानावर धुळीत मांडून या माणसांनी ग्रहणाचे फोटो घेतले.

१९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले. त्यांची जागा घेणारं कुणी तयार झालेलं नव्हतं. वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं तमिळनाडूतल्या कोडाईकनालला रवाना झाली. ती २० इंची दुर्बीण कित्येक दशकं देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. पण कोडाईकनालला ती वापरात यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तोवरच्या वर्षांत तिला कुणी धक्का लावला नाही आणि तिच्यातून कुणी पाहिलंही नाही.

हबलच्या नुकसानीचा हिशेब डॉलरमध्ये झाला. पुण्याच्या दुर्बिणीच्या त्या मुक्या वर्षांचा हिशेब कुणी मांडायचा? त्या काळात किती मुलांनी तिच्यातून शनीची कडी पाहिली असती? वस्तू फुटली की आवाज होतो, चौकशी होते, मास्तर ओरडतात. वस्तू पडून राहिली की शांतता असते आणि त्या शांततेलाच आपण 'नीट जपलंय' म्हणतो. आमच्याकडच्या शाळांत काय काय जपून ठेवलेलं आहे ते आठवून पाहा. सूक्ष्मदर्शक, पृथ्वीचा गोल, कॅरम, ग्रंथालयातली कोरी पुस्तकं. गरिबाच्या पोराच्या हातात महाग वस्तू देताना आपला हात आखडतो. आणि तेच पोर मोठं झाल्यावर आपणच म्हणतो, यांना विज्ञानाची गोडी नाही.

गेल्या हिवाळ्यात मी किल्ली मागितली. शिपाईमामांनी कपाट उघडलं. पोचा आलेला आयपीस ठणठणीत होता. मोठ्या भिंगावर मात्र आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती. तीन पावसाळे बंद कपाटातली दमट हवा तिला मानवली होती. पलूसच्या एका चष्मेवाल्याने जमेल तेवढी साफ करून दिली. थोडे डाग राहिले, ते राहणारच. पडून जे झालं नाही, ते जपून झालं.

आता ती मुलगी नववीत आहे. दुर्बीण कशी जोडायची, हे तीच लहान मुलांना दाखवते. डागांसकट चंद्रावरचे खड्डे स्पष्ट दिसतात. मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही एक वही केली आहे. जे पडेल, तुटेल, हरवेल ते ज्याच्या हातून झालं त्याने तारखेसह लिहायचं. कसं झालं तेही लिहायचं. शिक्षा नाही, दंड नाही.

वहीत पहिली नोंद माझीच आहे. पहिल्याच रात्री भिंगाचं झाकण माझ्या हातून गच्चीवरून खाली पडलं. अजून सापडलेलं नाही.