मुलांची पोटगी: कोर्टातून रक्कम कशी मिळते, थकबाकी कशी वसूल होते आणि नोंदी कशा ठेवाव्यात

आई-वडील वेगळे राहू लागले तरी मुलांना सांभाळण्याची जबाबदारी संपत नाही. मूल ज्याच्याजवळ राहते त्याला दुसऱ्या पालकाकडून दरमहा मिळणाऱ्या रकमेला पोटगी म्हणतात. काही भागांत 'खावटी' हाही शब्द चालतो. पोटगीचा आदेश मिळाला की काम संपले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पुढची काही वर्षे दर महिन्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि वाद झाला तर कोर्ट हाच हिशेब मागते. आदेशानंतर कोर्टाच्या पातळीवर काय काय करावे लागते, ते या लेखात पाहू.

कोणत्या कायद्याखाली?

सर्वाधिक वापरले जाणारे कलम म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होती. त्या तारखेपूर्वी दाखल झालेले अर्ज जुन्या कलमाखालीच चालतात, त्यामुळे कागदांवर दोन्ही क्रमांक दिसू शकतात. हे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलालाही त्याखाली पोटगी मागता येते.

या कलमाखाली मुलाला साधारणपणे 18 वर्षे पूर्ण होईपर्यंत पोटगी मिळते. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला त्यानंतरही मिळू शकते. विवाहित मुलगी मात्र यात येत नाही. हिंदू कुटुंबातील अविवाहित सज्ञान मुलीला 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 खाली स्वतंत्रपणे मागणी करता येते. याशिवाय हिंदू विवाह कायदा आणि कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालीही मुलांसाठी रक्कम मागता येते.

अर्ज कुठे होतो?

ज्या शहरात कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात, इतरत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पत्नी सध्या जिथे राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, सासरच्या गावीच जावे लागत नाही. अर्जासोबत दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी हे बंधनकारक केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्याच निकालात सांगितले आहे.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. अर्ज 10 जून 2024 चा, आदेश 10 मार्च 2025 चा आणि रक्कम दरमहा 6,000 रुपये असेल, तर आदेशाच्या दिवशीच 9 महिन्यांचे 54,000 रुपये देणे झालेले असते. आधी अंतरिम पोटगी मिळाली असेल तर ती यातून वजा होते. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो.

पैसे कसे दिले जातात?

रक्कम कशी द्यायची हे आदेशात लिहिलेले असेल तर तसेच करावे. सध्या बहुतेक वेळा रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. काही वेळा, विशेषतः थकबाकी भरताना, पैसे कोर्टात जमा केले जातात. तेव्हा ते नाझर विभागात भरले जातात आणि पावती मिळते. ते पैसे काढण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यावर न्यायाधीशांचा आदेश झाल्यावर ओळख पटवून रक्कम मिळते. जमा झाल्याचे कोर्ट स्वतःहून कळवेल असे गृहीत धरू नये. प्रत्येक तारखेला विचारावे.

देणाऱ्यानेही काळजी घ्यावी. रोख पैसे हातात दिले आणि पावती घेतली नाही, तर ते दिल्याचे सिद्ध करणे अवघड जाते. बँकेतून किंवा यूपीआयने रक्कम पाठवताना 'पोटगी, मार्च 2025' असा उल्लेख करावा. शाळेची फी, कपडे, खेळणी यांवरचा खर्च पोटगीतून आपोआप वळता होत नाही. तशी वजावट हवी असेल तर ती आदेशात किंवा लेखी तडजोडीत असावी.

एक वर्षाची मुदत

थकबाकी झाल्यास त्याच कोर्टात वसुली अर्ज करावा लागतो. जी रक्कम ज्या दिवशी देय झाली, त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत तिच्यासाठी अर्ज झाला नाही, तर या कलमाखाली वसुलीचे वॉरंट निघत नाही. 10 जानेवारी 2025 ला देय झालेल्या हप्त्यासाठी 10 जानेवारी 2026 च्या आत अर्ज हवा. 'आज देईल, उद्या देईल' म्हणून दोन वर्षे थांबणाऱ्या आईला त्यामुळे मोठा फटका बसू शकतो.

अर्ज वेळेत दाखल झाला आणि तो प्रलंबित असताना पुढचे हप्तेही थकले, तर प्रत्येक हप्त्यासाठी नवा अर्ज लागत नाही. 2005 च्या 'शांता विरुद्ध शिवनंजप्पा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे.

वसुलीसाठी कोर्ट जप्तीचे वॉरंट काढू शकते किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करवू शकते. त्यानंतरही रक्कम न आल्यास प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये 'कुलदीप कौर' प्रकरणात सांगितले. दिवाणी दरखास्तीतून पगार जप्त करायचा असेल, तर पोटगीसाठी पगाराचा दोन-तृतीयांशपर्यंत भाग जप्त होऊ शकतो.

देणारा दुसऱ्या गावी गेला तर तो जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही आदेशाची अंमलबजावणी मागता येते.

कोणते कागद जपावेत?

- आदेशाची प्रत: या कलमाखालील पोटगीच्या आदेशाची प्रत, ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला किंवा त्याच्या पालकाला, मोफत देण्याची तरतूद कायद्यात आहे. इतर कागदांसाठी नक्कल विभागात अर्ज करून शुल्क भरावे लागते.
- सीएनआर क्रमांक: प्रत्येक खटल्याचा 16 अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर त्यावरून पुढची तारीख आणि झालेले आदेश पाहता येतात.
- रोजनामा: प्रत्येक तारखेला कोर्टात काय झाले याची नोंद. समोरच्याने 'पुढच्या तारखेला भरतो' असे सांगितले असेल तर ते यात आले आहे का, ते पाहावे.
- बँकेचे उतारे आणि पावत्या: वर्षाअखेरीस छापून एकत्र ठेवाव्यात.
- महिनावार वही: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख, बाकी असे पाच रकाने पुरेसे आहेत. वसुली अर्जाचा तक्ता यातूनच तयार होतो.

पुरसीसवर सही करण्यापूर्वी

रक्कम मिळाल्याचे किंवा तडजोड झाल्याचे कोर्टाला लेखी कळवण्यासाठी 'पुरसीस' दाखल करतात. रक्कम खात्यात येण्याआधी तिच्यावर सही करू नये. 'सर्व थकबाकी मिळाली' असे लिहिले असेल आणि प्रत्यक्षात निम्मीच आली असेल, तर उरलेली मागणे कठीण होते. मिळाली तेवढीच रक्कम, ती कोणत्या महिन्यांची आणि बाकी किती, हे स्पष्ट लिहावे.

रक्कम बदलायची असल्यास

मुलाचे शिक्षण, आजारपण, कोणाची नोकरी जाणे किंवा उत्पन्न वाढणे अशा बदललेल्या परिस्थितीत दोन्ही बाजूंना कलम 146 खाली रक्कम कमी-जास्त करण्याचा अर्ज करता येतो. नोकरी गेली म्हणून स्वतःच हप्ता कमी करणे चुकीचे आहे. आदेश बदलेपर्यंत जुनीच रक्कम देय राहते. आई कमावती आहे एवढ्यावरून वडिलांची मुलांबाबतची जबाबदारीही संपत नाही.

वकील परवडत नसेल तर

महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी कोर्टाच्या आवारातील जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. जाताना आदेशाची प्रत, बँकेचा उतारा आणि महिनावार वही सोबत न्यावी. थकबाकी किती आणि कोणता हप्ता वर्षाच्या मुदतीजवळ आला आहे, हे वकिलांना त्यावरून लगेच कळते.