उलटा बंब आणि माझी चूक

आज आधी एक चूक दुरुस्त करायची आहे. माझीच.

मागे एका भागात मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मिळालेल्या ठशाबद्दल बोललो होतो. लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर आगीचा बंब. मी छातीठोकपणे सांगितलं, हा १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या वेळचा! तुम्ही ती क्लिप भरपूर पुढे पाठवलीत.

ठसा म्हणजे काय, ते आधी सांगतो. नाशिक आणि छपाई म्हटलं की आपल्याला नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस आठवतो. पण गल्लीबोळांतही ट्रेडल मशीन खडखडायचं. मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवायचा, चित्रासाठी मात्र ब्लॉक लागायचा. चित्राचा फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा आम्लात सोडायचा. रेषा तशाच राहतात, बाकीचा भाग खाल्ला जातो. मग पत्रा लाकडावर ठोकायचा. एकूण उंची खिळ्यांइतकीच, सुमारे २३ मिलिमीटर. कमी-जास्त झाली की छाप बिघडली. आणि सगळं उलटं, आरशातल्यासारखं. ऑफसेट आलं आणि असे ठसे भंगारात गेले. माझ्याकडे आता ११ आहेत, आठ बंब आणि तीन ॲम्ब्युलन्स.

‘बंब’ हा शब्दही मजेशीर आहे. पोर्तुगीज ‘बोम्बा’, म्हणजे पंप, त्यावरून आलेला. आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आणि रस्त्यावरचा लाल बंब, शब्द एकच.

आता १९४४. तारीख १४ एप्रिल. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभं होतं. पोटात कापूस आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी आग लागली, बंब आले, जवान पाणी मारत राहिले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, मग अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच आठवणीत.

आता चुकीकडे येतो. पंचवटीत पूर्वी ट्रेडल चालवणारे एक काका आहेत. त्यांना ठसा दाखवून मी तीच गोष्ट ऐकवली. त्यांनी एवढंच विचारलं, “छापून बघितलास का?”

नव्हता बघितला. मी मोबाईलवर फोटो काढून झूम करत बसलो होतो.

काकांनी रुळाने शाई लावली, कागद ठेवला, दाबला. बंबाच्या दारावरच्या ज्या खुणा मला नक्षी वाटत होत्या, ती अक्षरं निघाली. ‘नाशिक महानगरपा’, आणि पुढे चुकीची बसलेली चूक.

“अरे, नाशिकची महानगरपालिका कधी झाली?” काका म्हणाले.

७ नोव्हेंबर १९८२. त्याआधी नगरपालिका होती. म्हणजे माझा ‘१९४४ चा’ बंब निदान ३८ वर्षांनी तरुण!

काका हसले, पण मला हसू येईना. ६६ माणसांचं मरण मी एका भलत्याच पत्र्याला चिकटवलं होतं, कारण त्याने गोष्ट भारी होत होती. ऑफिसमध्ये टेस्ट न करता कोड पुढे ढकलला तर मला कोणी सोडत नाही. इथे तेच केलं. जुनी क्लिप मी काढून टाकली आहे. तुम्ही पाठवली असेल, तर हा भागही त्याच ग्रुपवर पाठवा.

ठसा मात्र मी जपणार आहे. माझा अंदाज, तो कुठल्यातरी सूचनापत्रकासाठी केला असावा. आपल्या गावचा बंब कोणीतरी बसून रेखाटला, हे मला पुरेसं आहे.

तुमच्या घरी असा ठसा असेल तर तारेच्या ब्रशने घासू नका आणि पाण्यात बुडवू नका, जस्त खराब होतं. रॉकेलचा बोळा हलका फिरवा. आणि काही सांगण्याआधी एकदा छापून बघा.

भेटू पुढच्या भागात.