तबकडीतला आवाज आणि त्याचं कुलूप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मिनीडिस्क नावाची एक छोटी तबकडी होती. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिलीही नसेल. आपल्याकडे कॅसेट होती, मग सीडी आली, मग एकाच सीडीवर शंभर-दीडशे गाणी मावू लागली आणि पुढे सगळं मोबाईलमध्ये गेलं. या वाटेवर मिनीडिस्क आपल्या बाजारात फारशी रेंगाळली नाही. जपानमध्ये मात्र ती शाळकरी मुलांच्या दप्तरात होती आणि युरोपात रेडिओच्या वार्ताहरांच्या खिशात. तिची हकिकत आज सांगावीशी वाटते, कारण तिच्यात एक साधा प्रश्न अडकलेला आहे. मी माझ्या यंत्रावर, माझ्या माइकने, माझाच आवाज मुद्रित केला, तर तो बाहेर काढायला परवानगी कोणाची लागावी?

मी कविता लिहिणारा माणूस. यंत्रांचा जाणकार म्हणून बोलत नाही. पण ज्याचा व्यवहार शब्द आणि आवाजाशी आहे, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

सोनी कंपनीने मिनीडिस्क जपानमध्ये नोव्हेंबर १९९२ मध्ये विक्रीला आणली. त्याआधी १९७९ साली याच कंपनीच्या वॉकमनने कॅसेटला माणसाच्या कमरेला बांधलं होतं. १९८२ साली सीडी आली. तिचा आवाज स्वच्छ, पण घरच्या घरी तिच्यावर काही मुद्रित करायची सोय तेव्हा नव्हती आणि चालता चालता धक्का बसला की गाणं अडखळायचं. कॅसेटवर मुद्रण करता येई, पण फीत गुंतायची, घासायची. दोघींचे गुण एकत्र आणण्याचा प्रयत्न म्हणजे मिनीडिस्क.

जेमतेम सात सेंटिमीटरची एक चौकोनी डबी आणि तिच्या आत ६४ मिलिमीटर व्यासाची तबकडी. मुद्रण करताना एका बाजूने लेसर किरण एक बारीक बिंदू तापवतो आणि दुसऱ्या बाजूने चुंबक त्या तापलेल्या बिंदूला दिशा देतो. बिंदू निवला की दिशा पक्की. पुसायचं असेल तर पुन्हा तापवा, पुन्हा लिहा. एवढ्याशा जागेत ७४ मिनिटांचं संगीत मावावं म्हणून ॲट्रॅक नावाची पद्धत वापरली गेली. तबल्याची जोरकस थाप पडते त्या क्षणी तानपुऱ्याची एखादी बारीक लहर आपल्या कानाला जाणवत नाही. असे झाकले जाणारे आवाज गाळून मूळ माहिती साधारण एक पंचमांशावर आणली जाई. आणि धक्क्याने गाणं तुटू नये म्हणून यंत्र पुढचं काही सेकंदांचं गाणं आधीच वाचून स्वतःच्या स्मृतीत ठेवी.

आणखी एक सोय होती. तबकडीवर एक अनुक्रमणिका असे. गाण्याचे तुकडे पाडा, क्रम बदला, नावं द्या, फक्त ही अनुक्रमणिका बदलायची. मैफलीत बसून मुद्रण करणाऱ्याला ही चैनच होती. धोकाही तिथेच होता. मुद्रण थांबवल्यानंतर अनुक्रमणिका लिहिली जाई. त्याआधी बॅटरी निघाली, तर आवाज तबकडीवर असूनही यंत्राला सापडत नसे.

आता कुलपाकडे येऊ. घरी मुद्रण करणाऱ्या माणसाचा कंपन्यांनी धसका घेतला होता, तो मिनीडिस्कच्या आधीपासून. १९७६ साली अमेरिकेतल्या युनिव्हर्सल स्टुडिओने सोनीवर खटला भरला. सोनीच्या व्हिडिओ यंत्रावर लोक घरी टीव्हीचे कार्यक्रम मुद्रित करतात, ही तक्रार. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. घरी बसून, नंतर पाहण्यासाठी केलेलं मुद्रण म्हणजे चोरी नव्हे, असा त्याचा मथितार्थ.

म्हणजे तेव्हा सोनी ग्राहकाच्या बाजूने उभी होती. पुढे गंमत झाली. १९८७ साली डॅट नावाची डिजिटल ध्वनिफीत आली आणि गाण्याच्या कंपन्या पुन्हा खवळल्या. कॅसेटवरून कॅसेट केली की प्रत्येक पिढीत आवाज मंदावतो. डिजिटल प्रत मात्र मुळासारखीच. १९९२ साली अमेरिकेत कायदा झाला. घरगुती डिजिटल यंत्रात अशी व्यवस्था सक्तीची झाली की मूळ गाण्याची एक डिजिटल प्रत करता येईल, पण त्या प्रतीची पुन्हा प्रत करता येणार नाही. आजोबांपासून नातवापर्यंत गाणं पोचायचं, तर मधेच फाटक. दरम्यान १९८८ साली सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स ही बलाढ्य गाणी-कंपनी दोन अब्ज डॉलरला विकत घेतली होती. आता एकाच घरात दोन धंदे. एक हात मुद्रणाची यंत्रं विकत होता आणि दुसरा हात गाणी. पहिल्या हाताने काय करावं, हे दुसरा हात सांगू लागला.

या वातावरणात मिनीडिस्क जन्मली. नव्वदच्या दशकात तिच्यातला आवाज संगणकात न्यायचा म्हणजे सोपा पण कंटाळवाणा उद्योग होता. यंत्राच्या हेडफोनच्या भोकात तार घालायची, दुसरं टोक संगणकाच्या साउंड कार्डात, आणि वाजवायचं. ७४ मिनिटांच्या मुद्रणाला ७४ मिनिटं. बहुतेक खिशातल्या यंत्रांना डिजिटल आवाज बाहेर सोडणारं तोंडच ठेवलेलं नव्हतं. डिजिटल मुद्रण करायचं, ते तारेतून साध्या आवाजाच्या रूपात बाहेर काढायचं आणि संगणकात पुन्हा डिजिटल करायचं, असा द्राविडी प्राणायाम.

२००१ च्या अखेरीस नेटएमडी नावाची यंत्रं आली. यूएसबीची तार जोडायची आणि संगणकातली गाणी काही मिनिटांत तबकडीवर. लोकांना हायसं वाटलं. पण सोबतच्या ओपनएमजी या प्रणालीचे नियम लोक पाहू लागले, तेव्हा कपाळावर आठ्या पडल्या. स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरून संगणकात घेतलेलं गाणंही कुलूपबंद होई. ते तीन वेळा बाहेर देता येई. चौथ्या वेळी आधीचं एक परत जमा करा, मग नवीन न्या. वाचनालयातलं पुस्तकच जणू. ती फाईल दुसऱ्या संगणकावर नुसती नकलून नेली, तर ती वाजत नसे.

याहून मोठी गोष्ट पुढेच होती. यूएसबीचा रस्ता एकेरी होता. संगणकातून तबकडीत गाणं जाई, पण तबकडीवर माइकने केलेलं मुद्रण त्या तारेतून संगणकात येत नसे. मुलाखत असो, व्याख्यान असो, पक्ष्याची शीळ असो की आजीचं गाणं असो. ज्या आवाजावर कोणत्याही कंपनीचा काडीचाही हक्क नव्हता, तोही अडकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोरासाठी तर इंटरनेटवर हमरस्ता खुला होता.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २००१ मध्ये, ॲपलचा आयपॉड जाहीर झाला. खिशात हजार गाणी, ही त्याची जाहिरात. त्यातूनही गाणी परत संगणकात आणणं सोपं ठेवलेलं नव्हतं. पण आयपॉड मुळात ऐकण्याचं यंत्र. मिनीडिस्कचं वैशिष्ट्य मुद्रण हेच होतं आणि नेमकी तीच वाट बंद होती.

सोनीने ती वाट उघडली, पण हप्त्याहप्त्याने. २००४ साली हाय-एमडी आली. एका तबकडीत एक गिगाबाइट आणि काहीही न गाळता केलेलं, सीडीच्या दर्जाचं मुद्रण. आपलं मुद्रण संगणकात नेण्याची मुभाही मिळाली. सुरुवातीला मात्र एकदाच, आणि तेही नव्या पद्धतीने केलेलं असेल तरच. दहा-बारा वर्षांच्या जुन्या तबकड्या बाहेरच राहिल्या. २००६ साली आलेल्या एमझेड-आरएच१ या यंत्राने अखेर जुन्या तबकड्यांवरची आपली मुद्रणं यूएसबीने संगणकात नेऊ दिली. बैल गेला आणि झोपा केला. गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या दुकानात गेलं होतं. सप्टेंबर २०११ मध्ये सोनीने मिनीडिस्कचे वॉकमन पाठवणं थांबवलं, २०१३ साली उरलेली यंत्रंही थांबली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या तबकड्यांचं उत्पादन बंद केलं.

कंपनीचं लक्ष उडालं तरी हौशी मंडळींनी नाद सोडला नाही. यंत्र तारेतून काय बोलतं हे ताडून त्यांनी स्वतःच्या प्रणाली लिहिल्या. आज इंटरनेटच्या साध्या ब्राउझरमधून नेटएमडी यंत्रात गाणी भरता येतात. काही यंत्रांतून, पूर्वी अशक्य होतं ते, म्हणजे मुद्रण जसंच्या तसं बाहेर काढणंही त्यांनी साध्य केलं आहे. कुलूप करणाऱ्याने किल्ली दिली नाही, ती गावातल्या लोहारांनी घडवली.

आवाज बाहेर काढता येण्याचं मोल किती, हे पाहायला परदेशी जायला नको. पुण्यात काम केलेल्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांतल्या काही ओव्या बायकांच्या आवाजात मुद्रित झाल्या, सुमारे १२० तास. ही मुद्रणं डॅटवर, म्हणजे मिनीडिस्कच्याच काळातल्या डिजिटल फितीवर होती. ती वेळेत संगणकात आली, म्हणून २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही ऐकता येतात. गाणाऱ्या काही बायका आता हयात नाहीत. त्यांचा आवाज आहे. तो फितीतच राहिला असता, तर ती वाजवणारं यंत्र आज कितीजणांकडे सापडलं असतं?

मिनीडिस्कवर असं काय काय राहून गेलं असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पण आपल्या घरातला हिशेब आपण मांडू शकतो. कपाटात कॅसेट असेल, परदेशातून आलेल्या नातेवाइकाची मिनीडिस्क असेल, तर ती वाजवणारं यंत्र सापडतंय तोवर आवाज बाहेर काढा. यूएसबी नसेल तर हेडफोनची तार आहेच, तेवढा वेळ द्या. कोणत्याही यंत्रावर वाजेल अशा साध्या स्वरूपात ठेवा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. बोलणारं कोण, गाव कोणतं, साल कोणतं, हे सोबत लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या पिढीला आवाज मिळेल आणि माणूस मिळणार नाही.

मोबाईललाही हाच नियम लावा. आईचं बोलणं एखाद्या ॲपमध्ये साठवण्याआधी एकदा पाहून घ्या, की ते ॲप उद्या बंद पडलं तर आईचा आवाज तिथून बाहेर कसा येईल. उत्तर सापडलं नाही, तर दुसरं ॲप शोधा.