उमेदवारी: काम शिकण्याचा खर्च

उमेद हा फारसीतून आलेला शब्द. उमेदवार म्हणजे आशा लावून बसलेला. आज हा शब्द निवडणुकीच्या रिंगणात आणि नोकरीच्या जाहिरातीत भेटतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुलखात मात्र उमेदवार म्हणजे कचेरीत बिनपगारी राबत, जागा रिकामी व्हायची वाट पाहणारा तरुण. तो सकाळी कचेरीत येई, शिरस्तेदाराच्या हाताखाली नकला उतरवी, हिशेबाचे ताळे जुळवी आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जाई. यात महिने जात, कधी वर्षे. त्याच्या जेवणाखाण्याचा भार घरच्यांवर, आणि सरकारला तयार कारकून फुकटात. हल्ली कंपन्यांमध्ये ज्याला ‘ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट’ म्हणतात, त्याच्या इथल्या इतिहासात एक प्रश्न सुरुवातीपासून आहे: काम शिकण्याचा खर्च कोणी सोसायचा?

त्याआधीच्या मराठी राज्यात दफ्तरातले काम घराण्यातच शिकले जाई. वडील फडावर, मुलगा शेजारी. लिखाण, हिशेब आणि कागदांचे मायने यांचे नियम सांगणाऱ्या पोथ्या होत्या. त्यांना ‘मेस्तक’ म्हणत आणि त्यांचे कर्तेपण यादवांच्या काळातल्या हेमाद्रीकडे दिले जाई. पण खरे शिक्षण बोरू हातात धरूनच होई. मोडी अक्षराला ‘वळण’ असते आणि माणसालाही ‘वळण’ लागते. दोन्हींना मराठीने एकच शब्द ठेवला, यात त्या शिक्षणाची पद्धत दिसते: कित्ता समोर ठेवायचा आणि हात वळेपर्यंत गिरवायचा. जोवर काम पिढ्यान्‌पिढ्या तेच होते, तोवर या रीतीने भागले.

तिची मर्यादा पहिल्यांदा मुंबईच्या गोदीत उघडी पडली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि पुढे शतकभर जहाजबांधणीची विद्या वाडिया घराण्यात बापाकडून मुलाकडे जात राहिली. सागवानी जहाजांच्या बाबतीत त्यांना तोड नव्हती. पण वाफेचे इंजिन आले आणि जी गोष्ट बापालाच ठाऊक नाही ती मुलाला कोण शिकवणार, असा पेच पडला. १८३८ मध्ये जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे घराण्यातले दोन तरुण जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले; तिथल्या मुक्कामाची हकीगत त्यांनी १८४१ मध्ये पुस्तकरूपाने छापली. वाफेच्या यंत्रांचा ध्यास घेतलेले अर्देशिर कर्सेटजी त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. १८४७ मध्ये टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी व फोरमननी यंत्रांचे नमुने आणि पुस्तके एकत्र ठेवण्यासाठी संस्था काढली. तीच पुढे ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट झाली. काळ्या घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी ती हीच. आज तिथे वाचायला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

सरकारने या विषयाला हात घातला तो १८५० च्या कायद्याने. हा उमेदवारीबाबतचा भारतातला पहिला कायदा. त्याचा रोख अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या मुलांवर होता: दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने एखाद्या कारागिराकडे बांधून द्यायचे आणि त्याला पोटापाण्याचा धंदा शिकवायचा. कायदा आला खरा, पण त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईत जे सुरू झाले, त्याला कराराचा कागद लागणार नव्हता.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. यंत्रे लँकेशायरची, ती बसवणारे आणि चालवायला शिकवणारे मास्तरही बरेचसे तिकडचेच. हात मात्र रत्नागिरीचे, साताऱ्याचे, घाटावरचे. कालपर्यंत नांगर धरणाऱ्या माणसाला इंग्रज मास्तराची भाषा कळत नव्हती आणि मास्तराला त्याची. या दोघांच्या मधल्या जागेत जॉबर उभा राहिला.

नावाप्रमाणे जॉबर हा यंत्र जुळवणारा, बिघडले तर दुरुस्त करणारा. प्रत्यक्षात माणसे आणणे, कामाला लावणे, शिकवणे, रजा देणे आणि काढून टाकणे हे सगळे त्याच्याच हाती आले. तो गरजूंना व्याजाने पैसे देई, कुणाला खोलीही मिळवून देई. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. गिरणीच्या मालकाने शिकवण्यासाठी वेगळी दमडी खर्च केली नाही, कारण जॉबरने ती व्यवस्था आधीच लावून ठेवली होती आणि तिचा खर्च शिकणाऱ्याकडून वसूल होत होता. या वसुलीला दस्तुरी म्हणत.

गावाहून आलेला पोरगा चुलत्याच्या किंवा मेव्हण्याच्या साच्याशेजारी उभा राही. सूतखात्यात भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावणे ही पहिली पायरी. मग तुटलेली तार सांधणे: चालू यंत्रावर, दोन बोटांत टोके धरून, चाती न थांबवता. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, गाठ बसवायला शिकणे हेच कितीतरी आठवड्यांचे काम, कारण जाड गाठ फणीतून जात नाही आणि कापडात दोष उतरतो. साच्यांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून शिकवणे हाताच्या खुणांनी आणि पाठीवरच्या धपाट्यांनी चाले. हात बसला की पोरगा बदली म्हणून दारावर उभा राहायला मोकळा. भोंगा झाल्यावर कुणी गैरहजर असेल तर जॉबर बोट दाखवून ज्याला आत घेई, त्याला त्या दिवसाचा पगार.

या रीतीत मुलेही होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. म्हणजे सात वर्षांच्या पोराला कामाला लावणे कायदेशीर राहिले. ही मर्यादा १८९१ मध्ये नऊ आणि १९२२ मध्ये बारा झाली. शाळेच्या वयात गिरणी ‘शिकलेली’ माणसे पुढे निष्णात कामगार झाली, हे खरे आहे. त्याची किंमत हिशेबात कुठे लिहिलेली नाही.

नात्यागोत्यातून शिकण्याची आणखी एक बाजू होती: ज्याचे नातलग खात्यात नाहीत, त्याला खाते बंद. अस्पृश्य मानलेल्या जातींना हे सर्वांत जास्त भोवले. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे आणि त्यासाठी कामगार छिद्राला तोंड लावून श्वासाने ते ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागणार. विटाळाच्या या कारणाने महार कामगारांना विणकामापासून दूर ठेवले गेले, आणि चांगला पगार होता तो नेमका विणकामात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. प्रशिक्षणाची व्यवस्था मालकाची नाही, सरकारची नाही, म्हणजे ती कुणाचीच नाही, असा समज असतो; धोट्याच्या या प्रकरणात ती कोणाची होती ते स्पष्ट झाले.

शाळेत यंत्रविद्या शिकवण्याचा प्रयत्न याच काळात दुसऱ्या टोकाला चालला होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती भायखळ्याला सुरू होऊन १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. आजही तिला व्हीजेटीआयच म्हणतात, फक्त १९९७ पासून ‘व्हीजे’ म्हणजे वीरमाता जिजाबाई. तिथून गिरण्यांना देशी मास्तर आणि इंजिनिअर मिळू लागले. साच्यावरच्या माणसाशी तिचा संबंध नव्हता. बडोद्यात १८९० मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारलेल्या कलाभवनाने देशी भाषेतून धंदेशिक्षण देण्याचे धाडस केले. व्हीजेटीआयमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला गेले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथे पदवीची अट नव्हती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर ठरले. नांगर ओतणारे हात आसपासच्या खेड्यांतले होते आणि ते कारखान्यातच तयार झाले.

जॉबरची सद्दी मोडायला कारण झाले ते संप. कामगारांना जॉबरच्या मुठीत ठेवणे मालकांच्या सोयीचे होते, पण तोच जॉबर संपात उतरला की खातेच्या खाते बाहेर पडे. १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या लाचखोरीवर बोट ठेवले आणि भरतीचे अधिकार स्वतंत्र लेबर ऑफिसरकडे द्यावेत असे सुचवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली: कार्डवाल्यालाच बदलीचे काम. पण कार्ड मिळाले म्हणून काम येत नाही. शिकवणे पुढेही कितीतरी वर्षे साच्याशेजारीच चालले.

लेबर ऑफिसर तयार करायचे कुठे, याचे उत्तर नागपाड्यात मिळाले. १९३६ मध्ये तिथे क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला आणि या शिक्षणाला कायमचे गिऱ्हाईक मिळाले. पुढे याच खुर्चीचे नाव पर्सोनेल मॅनेजर झाले, आणि मग एचआर.

काम शिकवण्याचा खर्च सरकारने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उचलला तो दुसऱ्या महायुद्धात. दारूगोळ्याच्या कारखान्यांना कारागीर हवे होते म्हणून १९४० पासून तांत्रिक प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. बेव्हिन योजनेखाली १९४१ पासून काही तरुण थेट ब्रिटनच्या कारखान्यांत पाठवले गेले. युद्ध संपल्यावर हीच व्यवस्था सैन्यातून परतलेल्यांसाठी वापरली गेली आणि १९५० पासून तिचे रूपांतर आयटीआयमध्ये झाले. तिथल्या फिटरचा पहिला धडा कानशीचा. व्हाइसमध्ये पोलादाचा तुकडा धरायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. गुण्याच्या खालून उजेडाची फट दिसली की पुन्हा घासायचे. खांदे भरून येत, तळहाताला घट्टे पडत, आणि एकच ठोकळा आठवडा आठवडा संपत नसे.

१९६१ मध्ये संसदेने अॅप्रेंटिस कायदा केला. मराठीत त्याला शिकाऊ उमेदवारी अधिनियम म्हणतात. कचेरीतला जुना उमेदवार असा कायद्याच्या नावात परत आला. फरक इतका की आता त्याला विद्यावेतन होते, ठरावीक मुदत होती, शेवटी परीक्षा होती, आणि विशिष्ट उद्योगांना ठरावीक प्रमाणात उमेदवार घेणे बंधनकारक होते. १९७३ मध्ये पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअरही या कायद्याखाली आले. मात्र याच कायद्याच्या अठराव्या कलमाने शिकाऊ उमेदवार हा ‘कामगार’ नाही असे सांगून ठेवले.

साठच्या दशकात शिकवणे साच्यावरून वर चढत साहेबांपर्यंत पोहोचले. १९६३ मध्ये पवईला निटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था निघाली, १९६६ मध्ये पुण्यात टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर. पण मनुष्यबळ विकास या नव्या कल्पनेचे खरे जन्मस्थान म्हणजे लार्सन अँड टुब्रो. कंपनीने अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावले. त्यांच्या शिफारशींवरून १९७५ च्या सुमारास तिथे मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतीय उद्योगातला हा अशा प्रकारचा पहिला विभाग मानतात. दिलेले काम येते की नाही, याच्या पलीकडे जाऊन माणसाची पुढची वाढ कशी होईल हे पाहणे कंपनीचे काम आहे, असा त्यामागचा विचार होता. १९८५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण खात्यालाच मनुष्यबळ विकास हे नाव दिले, आणि ते २०२० पर्यंत टिकले.

पवईपासून तासाभराच्या अंतरावरच्या गिरणगावात मात्र ‘विकास’ कधी शिरला नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. बेकार झालेल्या कामगारांना नवे काम शिकवण्याचा उद्देशही असलेला राष्ट्रीय नूतनीकरण निधी १९९२ मध्ये स्थापन झाला; त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांवर खर्च झाला. चार चार साचे एका नजरेत ठेवणाऱ्या माणसांना दुसरे काही शिकवायची निकड कुणालाच वाटली नाही. काहींनी वॉचमनची काठी धरली, काही गावी परतले. काही भिवंडीला गेले. तिथल्या यंत्रमागांवर अजूनही नवा पोरगा आधी कुणा नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारीच उभा राहतो.