काळ्या पाषाणात कार्बन

आमच्या भोकरदनला विहीर खणताना काय लागतं, हे शाळकरी पोरही सांगेल. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मधूनच गेरूचा लाल पट्टा आणि खाली काळा पाषाण. मांजऱ्यात पांढरे खडे चमकतात. त्यांत कॅल्साइट असतं, म्हणजे दगडात बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइडच. सातवाहनकाळी इथलं भोगवर्धन मोठं नगर होतं, इथल्या लोकांनी सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान दिल्याचे लेख आहेत. पण आज मला बोलायचंय ते त्याहून फार जुन्या, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हाच्या खडकाविषयी. कारण कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर याच्या पोटात मुरवता येईल का, असा प्रश्न शास्त्रज्ञ विचारू लागले आहेत.

धुरातून कार्बन वेगळा काढण्याची युक्ती नवी नाही. अमाइन नावाच्या रसायनाने असे वायू शोषून घेण्याचं पेटंट १९३० सालचं. थंड असताना हे रसायन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, तापवलं की सोडून देतं. खरी मेख त्या तापवण्यात आहे. जी वाफ टर्बाइन फिरवणार, तीच इथे खर्ची पडते आणि केंद्राची पाचवा ते चौथा हिस्सा वीज त्यात जाऊ शकते. धुरात हा वायू जेमतेम बारा-चौदा टक्के; बाकी बहुतेक नायट्रोजन, तोही यंत्रणेतून न्यावा लागतो. म्हणून संशोधक आधी अख्खं केंद्र संगणकावर उभं करतात, आकड्यांनी चालवून बघतात आणि वाफ कुठून घेतली तर तोटा कमी होईल ते शोधतात. कोळशाच्या केंद्रात हे प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर झालं ते २०१४ साली, कॅनडातल्या बाउंडरी डॅम इथे.

पकडलेला वायू ठेवायचा कुठे? आइसलँडमध्ये २०१२ साली तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. त्या आम्लधर्मी पाण्याने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटं केलं आणि ९५ टक्के वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाला. हे २०१६ साली जाहीर झालं. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ साली सुमारे एक हजार टन वायू पाण्याशिवाय, दाबाखाली खोल सोडला गेला. दोन वर्षांनी वर काढलेल्या नमुन्यांत कार्बोनेटचे खडे सापडले. आमच्या मांजऱ्यातल्या खड्यांचे हे भाऊबंदच म्हणायचे!

मुंबईच्या आयआयटीत २०२२ पासून या विषयाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या विक्रम विशाल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली भारतातल्या बेसाल्टची क्षमता मांडली: ९७ ते ३१६ अब्ज टन. दोन आकड्यांतलं अंतर बघा. इतकी तफावत असलेल्या अंदाजावर कुणी कारखान्याची जागा ठरवणार नाही, पण भोकं कुठे पाडून बघायची ते मात्र कळतं.

भोकं पाडायलाच हवीत, कारण कातळाची जाडी सगळीकडे सारखी नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक घेतलं, तेव्हा बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. कोयनेला तो बाराशे मीटरहून जाड निघाला. वायू दाबाखाली दाट राहायचा तर साधारण आठशे मीटर खोली लागते. म्हणजे वॉलुलाची रीत किल्लारीला लागू पडणार नाही.

राहिली आइसलँडची रीत. तिला एक टन वायूमागे पंचवीसेक टन पाणी लागतं. मराठवाड्यात हा आकडा ऐकून मी तरी थबकलो. १९७१ साली सुरू झालेलं परळीचं औष्णिक केंद्र २०१३ साली कोळसा असूनही पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, २०१५ साली पुन्हा. कार्बन पकडण्याची यंत्रणा जोडली की थंड करायलाही जास्त पाणी लागतं, ते वेगळंच. शिवाय आमचं पिण्याचं पाणी याच खडकाच्या भेगांत आणि मांजऱ्यात साठतं. वायू खाली राहील, वर विहिरीत येणार नाही, याची खात्री संगणकाने नव्हे, शेजारी खणलेल्या निरीक्षण-विहिरींनी द्यायची आहे, आणि ती वर्षानुवर्षं. आइसलँडचे लोक आता गोड्या पाण्याऐवजी समुद्राचं पाणी वापरून पाहताहेत. परळीला ती सोय नाही. कोकण किनाऱ्यावरच्या केंद्रांना मात्र आहे, आणि सह्याद्रीच्या बाजूला कातळही जाड आहे. पहिलं भोक तिकडेच पडावं, असं माझं मत आहे.