तीन शेतकरी, जे शेतकरी नव्हतेच

माझ्या टेबलासमोर भिंतीवर एक कृष्णधवल फोटो गेली कित्येक वर्षं चिकटवलेला आहे. कच्च्या रस्त्यावर तीन तरुण. काळे सूट, डोक्यावर हॅट, हातात काठ्या. नाचाच्या कार्यक्रमाला निघालेत आणि वाटेत कुणीतरी हाक मारली म्हणून वळून बघतायत. मागच्या पठ्ठ्याची हॅट तिरकी, तोंडात सिगरेट. फोटो १९१४ सालचा, जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड भागातला. काढला ऑगस्ट सँडरने आणि नाव दिलं 'तरुण शेतकरी'.

मीही इतकी वर्षं त्यांना शेतकरीच समजत होतो. मग कळलं की ही पोरं शेतावर नव्हे, खाणीवर कामाला होती. दोघं खाणीत, एक खाणीच्या कचेरीत. त्यातला एक पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धात मेला. तेव्हापासून फोटोकडे बघताना जरा चुकल्यासारखं होतं.

सँडर (१८७६-१९६४) स्वतः खाणीवर काम करून फोटोग्राफर झालेला माणूस. कोलोनमध्ये स्टुडिओ होता, पण सायकलवर मोठा कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा लादून गावोगाव हिंडायचा. 'विसाव्या शतकातली माणसं' असा एक महाप्रचंड संग्रह करायचं त्याच्या डोक्यात होतं. त्याचे सात गट: शेतकरी, कारागीर, बाई (बाई हा वेगळा गट!), वर्ग आणि व्यवसाय, कलावंत, शहर, आणि शेवटची माणसं. फोटोखाली बहुतेक वेळा नाव नाही, नुसता धंदा. वीटवाहक, नोटरी, मिठाईवाला.

हे वाचलं की आपल्याला इंग्रजांचं 'द पीपल ऑफ इंडिया' आठवणारच. १८६८ ते १८७५ मध्ये निघालेले आठ खंड, फोटो चिकटवून खाली जातजमात आणि शेरा: अमके विश्वासू, तमके चोरटे. खानेसुमारी म्हणा ना! मग सँडर वेगळा कसा?

मला वाटतं, उभं राहू देण्यात. त्याच्या १९२८ च्या मिठाईवाल्याकडे बघा. गोल गरगरीत, टकला, पांढरा कोट, हात पातेल्यातल्या डावावर. पण नजर अशी, की भटारखाना म्हणजे त्याचं संस्थानच. एक्स्पोजर लांब असायचं, त्यामुळे माणसाला स्थिर उभं राहावं लागे, आणि कसं उभं राहायचं हे तो स्वतःच ठरवी. चिठ्ठी सँडरची, पण उभं राहणं ज्याचं त्याचं.

१९२९ मध्ये यातले साठ फोटो पुस्तकरूपाने आले, प्रस्तावना कादंबरीकार आल्फ्रेड ड्योब्लिनची. १९३६ मध्ये नाझींनी उरलेल्या प्रती जप्त केल्या, छपाईचे ब्लॉक नष्ट केले. त्यांनाही माणसांची वर्गवारी हवीच होती की! पण सँडरच्या जर्मनीत बेकार होते, भटके होते, आंधळी मुलं होती, आणि सगळी बँकवाल्याइतक्याच सरळ नजरेने बघत होती. ते कसं चालायचं? पुढे १९३८ च्या सुमारास कोलोनचे ज्यू त्याच्याकडे ओळखपत्रासाठी फोटो काढायला आले. सरकारी कागदाला लावायचे ते चेहरे सँडरने आपल्या संग्रहात 'छळ झालेले' या नावाखाली ठेवले. गणवेशातले नाझीही त्याच संग्रहात आहेत, त्याच शांत उजेडात. हे मला आजही पचत नाही, पण तो संग्रह खोटा नाही एवढं खरं.

त्याचा थोरला मुलगा एरिक समाजवादी कामगार पक्षाचा कार्यकर्ता. १९३४ मध्ये पकडला, दहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याला फोटो काढायचं काम मिळालं. त्याने बरोबरच्या कैद्यांचे आणि स्वतःचे फोटो काढले, ते बापापर्यंत पोचले. मार्च १९४४ मध्ये, शिक्षा संपत आलेली असताना, एरिक मेला. दुखण्यावर वेळेत उपचार झाले नाहीत.

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, कोलोनच्या तळघरात आग लागून पंचवीस-तीस हजार निगेटिव्ह जळाल्या. खेड्यात हलवलेल्या तेवढ्या वाचल्या. त्या घेऊन म्हातारा पुन्हा गटवारी करत बसला. कोठडीतला एरिक 'राजकीय कैदी'मध्ये गेला. या वेळी तरी चिठ्ठी बरोबर होती. आणि मेल्यावर घेतलेल्या त्याच्या चेहऱ्याच्या साच्याचा फोटो बापाने शेवटच्या गटात ठेवला. त्याच्याखाली धंदा नाही. नाव आहे, एरिक सँडर.