साडेपाच तासांचा फरक : एका लॅपटॉपवर दोन सिस्टिम आणि त्यामागचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लॅपटॉपवरच्या विंडोजशेजारी उबुंटू टाकलं. लॅबमधल्या उपकरणाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालायचं, आणि विश्लेषणाची साधनं लिनक्सवर. म्हणजे दोन्ही हवंच होतं. काही आठवड्यांनी रीडिंगच्या फाइल्स चाळताना दिसलं, की दुपारी ३ वाजता घेतलेल्या रीडिंगवर सकाळी ९:३० ची वेळ पडली आहे. सगळ्याच फाइल्सवर नाही, काहींवरच. आणि फरक दर वेळी नेमका साडेपाच तासांचा!

खोलीच्या तापमानाची नोंद वेगळ्या यंत्रावर होत होती. दोन्ही नोंदी वेळेनुसार जोडल्या, तर सकाळच्या गारव्यात रीडिंग वाढतं असा छान निष्कर्ष निघत होता. छान, पण साफ खोटा.

तुमच्यापैकी अनेकांना संशोधनासाठी असं ड्युअल बूट करावं लागेल. ते कसं करायचं याचे व्हिडिओ ढीगभर सापडतील. मला सांगायचंय ते थोडं वेगळं आहे. इन्स्टॉल करताना आपण जे नियम डोळे मिटून पाळतो, त्या प्रत्येकामागे कुणीतरी कधीतरी घेतलेला एक निर्णय असतो. तो निर्णय आज आपल्या डेटापर्यंत कसा पोचतो, ते बघू.

१९८३ : तक्त्यात जागा चारच

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. सोबतच्या पीसी डॉस २.० मध्ये डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडायची सोय होती. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइट्सचा. त्यातले ४४६ बाइट्स मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ ओळखखुणेसाठी. तक्त्यातली एक नोंद १६ बाइट्सची, म्हणून नोंदी चारच.

पण मुळात तक्ता हवाच कशाला? तर एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम राहू शकाव्यात म्हणून. म्हणजे ड्युअल बूट ही काही नंतर कुणी शोधलेली पळवाट नाही. पीसीला हार्ड डिस्क आली तेव्हाच ती सोय ठेवलेली होती.

१९९१ : मिनिक्स पुसलं गेलं, त्याची गोष्ट

हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स लिहायला घेतलं, तेव्हा त्याच्या मशीनवर मिनिक्स होतं. लिनक्सची सुरुवातच अशी दुसऱ्या सिस्टिमच्या आधाराने झाली. पुढे एकदा मोडेमला पाठवायच्या सूचना त्याने चुकून हार्ड डिस्कवर पाठवल्या आणि मिनिक्सचं पार्टिशन बिघडलं. ते पुन्हा टाकण्यापेक्षा आता लिनक्सवरच राहू, असं त्याने ठरवलं.

ही गोष्ट सगळे हसत सांगतात. मी मात्र बॅकअप न घेणाऱ्या ज्युनिअर्सना सांगतो. डिस्कचं नाव चुकणं लिनक्सच्या जनकालाही सुटलेलं नाही!

विंडोज आधी, लिनक्स नंतर

हा सल्ला सगळीकडे मिळतो. कारण त्या ४४६ बाइट्समध्ये आहे. तिथे एकाच प्रोग्रामला जागा. विंडोज इन्स्टॉल होताना तिथे स्वतःचा प्रोग्राम लिहायचं, शेजारी कोण आहे हे न विचारता. लिनक्सवाल्यांना ते विचारावंच लागलं, कारण बहुतेकांच्या मशीनवर दुसरं काहीतरी आधीच होतं. म्हणून आधी लिलो आणि पुढे ग्रब असे बूटलोडर आले. लिलो कर्नेलचा डिस्कवरचा पत्ता लिहून ठेवायचा, त्यामुळे कर्नेल बदललं की लिलो पुन्हा चालवावा लागे. ग्रबला फाइलसिस्टिम वाचता येते, म्हणून ही कटकट संपली.

यूईएफआय आल्यावर परिस्थिती बदलली. आता एका छोट्या पार्टिशनमध्ये प्रत्येक सिस्टिमचं आपलं फोल्डर असतं, आणि नव्या जीपीटी तक्त्यात साधारणपणे १२८ नोंदी मावतात. सल्ला मात्र टिकून आहे.

२०१२ : सही कुणाची?

विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट सर्वत्र पोचलं. ज्या बूटलोडरवर मान्य किल्लीची सही आहे, तोच चालणार. बहुतेक मशीनमध्ये मायक्रोसॉफ्टची किल्ली आधीच बसवलेली. मग लिनक्सचं काय? २०११ मध्येच मॅथ्यू गॅरेट या डेव्हलपरने हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. त्यातून शिम नावाचा छोटा प्रोग्राम तयार झाला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि तो पुढे लिनक्सचा बूटलोडर तपासून सुरू करतो. आज उबुंटू सहज इन्स्टॉल होतं, त्यामागे ही तडजोड आहे.

आता ते साडेपाच तास

१९८४ च्या पीसी एटीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ आलं. त्यात तारीख आणि वेळ लिहिता येते, पण ती कुठल्या टाइमझोनची हे लिहायला जागा नाही. डॉसच्या परंपरेत तिथे स्थानिक वेळ असते आणि विंडोजने तीच रीत चालू ठेवली. युनिक्सच्या परंपरेत तिथे यूटीसी असते, आणि लिनक्स तेच करतं. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. आदल्या दिवशी मी लिनक्स वापरलेलं असलं, की घड्याळात यूटीसी लिहिलेली असे. दुसऱ्या दिवशी विंडोज तीच वेळ भारतीय म्हणून वाचे. लॅबमध्ये इंटरनेट जोडलेलं नसल्याने ती दुरुस्तही होत नसे.

दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर. त्या एकाच घड्याळावर एकत्र आल्या आहेत हे तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. लॅबच्या वहीत हाताने वेळा लिहिल्या होत्या म्हणून वाचलो. एकेक फाइल वहीशी ताडून दुरुस्त केली आणि प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात तशी स्पष्ट नोंद केली.

तुम्ही ड्युअल बूट करणार असाल तर आधी डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर लिहून ठेवा. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आणि पहिल्याच दिवशी दोन्ही सिस्टिममधली वेळ ताडून बघा. दोघींपैकी एकीची रीत सेटिंगमध्ये बदलता येते.

तुमच्या उपकरणाच्या फाइलमध्ये जी वेळ पडते, ती कुठल्या घड्याळाची? आज लॅबमध्ये गेलात की एवढं एक विचारून बघा.